चव्वेचाळीस मापाचं झबलं

"बाबा, जानेवारीत या. आणि येण्याआधी थोडं डच शिकून या."

केतकीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. केतकी माझी एकुलती एक मुलगी. नेदरलँड्समध्ये देन बॉस नावाचं शहर आहे, त्याच्याजवळच्या एका लहान गावात राहते. नवरा तिकडचाच, येरून. जानेवारीच्या अखेरीस तिचं बाळंतपण होतं. तिची आई काही वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे माहेरचं माणूस म्हणून जायला मी एकटाच उरलो होतो. मी खडकीत एका सरकारी कारखान्यात जन्म काढलेला, निवृत्त माणूस. बाळंतपणातलं मला काय कळणार? पण जायचं होतं.

"तिकडे सगळ्यांना इंग्रजी येतं म्हणतात की," मी म्हटलं.

"सगळ्यांना येतं. माझ्या सासूबाईंना येत नाही. आणि त्या रोज घरी येणार आहेत."

विहीणबाईंना मी तोपर्यंत फक्त मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेलं. लग्न पुण्यात झालं तेव्हा त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून आल्या नव्हत्या. दिवाळीला फोन लावला की पडद्यावर त्यांचा अर्धा चेहरा दिसायचा, त्या हात हलवायच्या आणि बाजूला व्हायच्या. माझी आपली समजूत, की बाईंना हे लग्न फारसं पसंत नसावं.

तर मी डच शिकायला लागलो. कर्वे रस्त्याच्या मागे एका गल्लीत आगाशे बाई राहत्या घरीच शिकवणी घेतात. पूर्वी त्या यजमानांच्या नोकरीपायी बरीच वर्षं रॉटरडॅमला होत्या. पहिल्या दिवशी दारातच त्यांनी चौकशी केली.

"वय?"

"एकसष्ट."

"कारण?"

"नात किंवा नातू."

"कारण चांगलं आहे. उच्चार वाईट असणार. बसा."

त्यांच्या शिकवणीत बाकी सगळी आयटीतली पोरं. डचमधला ग म्हणजे आपला ख, तोही घसा खरवडून काढायचा. खडकी ते कर्वे रस्ता स्कूटरवरून येताना मी हेल्मेटच्या आत ख ख करत यायचो. 'नमस्कार, माझं नाव सुधाकर' झालं, आकडे झाले, रंग झाले आणि मग आला कपडे खरेदीचा धडा. बाईंनी जेवणाच्या टेबलावर यजमानांचे कोट, स्वेटर, मोजे मांडून दुकान थाटलं. एकानं दुकानदार व्हायचं, एकानं गिऱ्हाईक. निहार नावाचा मुलगा माझा दुकानदार होता.

"काका, तिथे कार्ड टॅप करायचं, बोलायचं कशाला?" तो म्हणाला.

"मग आपण तरी कशाला आलात?" बाई आतून म्हणाल्या. "कार्ड पाठवून द्यायचं होतं."

तो धडा मी घोटून पाठ केला. क्लैन म्हणजे लहान, क्लैनर म्हणजे अजून लहान. ख्रोट म्हणजे मोठा, ख्रोटर अजून मोठा. मोठा होत असेल तर तं ख्रोट. आंदर म्हणजे दुसरा. अंगाला बरोबर बसलं तर हत पास्ट. दुकान उघडं असेल तर ओपन, बंद असेल तर खस्लोतन. दुकानात विकत घेतलेली वस्तू भेट द्यायची का, हे विचारतात. हो म्हटलं तर फुकट बांधून देतात. हेही बाईंनी शिकवलं. जाणार असाल तर लक्षात ठेवा, खरंच देतात.

बाळासाठी मात्र मी काहीच घेतलं नव्हतं. वाघोलीची माझी थोरली बहीण, ताई, तिनंच अडवलं. तिच्या शेताच्या जागी आता इमारती उभ्या आहेत, त्यातल्याच एका इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहते, पण बोलणं अजून शेतातलं.

"सुधा, बाळ व्हायच्या आधी कापडं न्यायची नसत्यात. पोर हातात आलं की घ्यायची. आधी न्हाय."

मी मान डोलावली. जानेवारीला भरपूर वेळ होता.

नोव्हेंबर संपत आला होता. सकाळी येरूनचा फोन आला. तो एरवी इतका हळू बोलतो की मध्ये चहा करून यावं. त्या दिवशी भरभर बोलत होता. केतकीचा रक्तदाब चढला होता, तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. मुदतीला दोन महिने होते आणि डॉक्टर म्हणत होते की इतके दिवस थांबता येणार नाही.

इथे एक कामाची गोष्ट सांगतो. व्हिसा मागताना आम्ही तारीख मुद्दाम अलीकडची घेतली होती, म्हणून मला तिकीट बदलून निघता आलं. व्हिसावर लिहिलेल्या तारखेच्या आधी त्या देशात पाऊल ठेवता येत नाही. घरात बाळंतपण असेल तर तारीख अगदी अंगासरशी घेऊ नका.

निघायच्या दिवशी सकाळी मी आगाशे बाईंकडे गेलो. "बाई, दवाखान्याचे शब्द द्या."

शरीर आणि आजार हा आमचा पुढचाच धडा होता. बाईंनी पुस्तक उघडलं, पाहिलं आणि मिटलं. "अर्ध्या तासात डोक्यात कोंबलेलं ऐन वेळी आठवत नाही. जे येतंय ते नीट म्हणा. बाकीचं समोरचा माणूस समजून घेतो," असं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

मुंबई विमानतळाला जाणारी बस मी वाकडवरून धरली. घाटात कंटेनर आडवा झालेला. बस जागची हलेना. शेजारचा माणूस म्हणाला, "फ्लाईट कितीची?" मी वेळ सांगितली. त्यानं घड्याळ पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. पुण्याहून जाणाऱ्यांनी जी बस पुरेशी वाटते तिच्या आधीची धरावी. मी नशिबानं पोचलो. सामान देण्याची खिडकी बंद होता होता माझी बॅग आत गेली.

विमानात जेवण आलं, गेलं. समोरच्या पडद्यावर विमान काळ्या समुद्रावरून सरकत होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. ॲमस्टरडॅमला उतरून फोन चालू केला. येरूनचा निरोप होता: मुलगी झाली. केतकी ठीक. बाळ काचेच्या पेटीत आहे.

मी विमानात असताना मी आजोबा झालो होतो. रांगेत उभ्या उभ्या तो निरोप परत परत वाचला. 'बाळ ठीक' असं त्यात कुठेच नव्हतं.

विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिकीट काढायची गरज नाही; आपलं बँकेचं कार्ड आत शिरताना यंत्राला लावायचं आणि उतरल्यावर पुन्हा लावायचं. उतरल्यावर लावायला विसरलात तर जास्त पैसे कापतात. डब्यात बसून मी ताईला फोन लावला. "पोरगी झाली ताई, पण पेटीत ठेवलीय..." समोरच्या तरुणानं खिडकीवरच्या अक्षरांकडे हळूच बोट दाखवलं. त्या डब्यात बोलायचं नसतं. मी फोन ठेवला. बाहेर सपाट हिरवी शेतं, पाण्याचे पाट, ओल्या अंगाच्या गायी. पुढचा सगळा वेळ मी आणि डबा, दोघेही गप्प.

देन बॉसच्या फलाटावर येरून नव्हता. निळा रेनकोट घातलेली एक उंच, पांढऱ्या केसांची बाई एकेका चेहऱ्याकडे बघत उभी होती. मला पाहून पुढे आली, हात पुढे केला. "त्रूस," ती म्हणाली. त्या विहीणबाई. मी पाठ केलेलं आख्खं वाक्य म्हटलं: नमस्कार, माझं नाव सुधाकर, भेटून आनंद झाला. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या जाकिटाची बाही दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "तं दुन." फार पातळ. मग गळ्यातला लोकरीचा स्कार्फ काढून माझ्या गळ्यात घातला, बॅग उचलली आणि चालू लागल्या. कमरेचं ऑपरेशन झालेली बाई, आणि मी तिच्यामागे धावतोय.

केतकीचा चेहरा सुजलेला होता. हाताला सुई, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. तो आपोआप फुगायचा आणि ती डोळे मिटायची. तिला पलंगावरून उतरायची परवानगी नव्हती. बाळाला तिनं जन्मल्यावर क्षणभर पाहिलं होतं, तेवढंच. माझा हात धरून तिनं पहिली गोष्ट विचारली. "बाबा, तुम्ही तिला बघून या ना. आणि मला खरं सांगा."

मी बघून आलो. दीड किलोच्या आसपासचा जीव. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मावेल एवढा. नाकात नळी, छातीवर तारा, अंगावर लंगोटाशिवाय काही नाही. बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या.

"कशी आहे?"

"तुझ्यासारखं कपाळ आहे," मी म्हटलं. ते खरं होतं. बाकीचं मी सांगितलं नाही.

तिथल्या नर्सला उत्तम इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, बाळ असंच स्थिर राहिलं तर एक-दोन दिवसांत कपडे घालता येतील, आणा. माप चव्वेचाळीस. तिकडे बाळाच्या कपड्यांचं माप म्हणजे बाळाची सेंटिमीटरमधली लांबी. डोक्यातून घालायचे नकोत; तारांमुळे पुढून एकावर एक येणारे, बटणाचे हवेत. येरूननं घरी आणून ठेवलेले होते ते छप्पन्नचे. त्यात अशी दोन बाळं मावली असती.

"तिचा पहिला कपडा तुम्ही आणा, बाबा," केतकी म्हणाली. "तुमचा तोच धडा झालाय ना?" तिनं हसायचा प्रयत्न केला. दंडावरचा पट्टा पुन्हा फुगला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. येरून केतकी आणि बाळ अशा दोन मजल्यांमध्ये धावत होता, म्हणून कपड्यांच्या कामावर आम्ही दोघं म्हातारे निघालो. गावातल्या चौकात मुलांच्या कपड्यांचं एकच दुकान. दारावर पाटी: खस्लोतन. तिकडे बऱ्याच गावांत सोमवारी सकाळी दुकानं बंद असतात. तुम्ही जाणार असाल तर सोमवारची सकाळ खरेदीला धरू नका. त्रूसनी तरीही काचेवर टकटक केली. हात डोळ्यांशी धरून आत पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खस्लोतन." "खस्लोतन," मी म्हटलं. आमचं पहिलं पूर्ण झालेलं संभाषण.

समोरच्या हॉटेलात कॉफी घेतली. कॉफीबरोबर एकच बिस्कीट येतं. त्रूसनी आपलं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं. त्या दर थोड्या वेळानं पालथा ठेवलेला फोन उलटून बघायच्या आणि मी त्यांचा चेहरा बघायचो.

दुपारी दुकान उघडलं. मालकीणबाई बऱ्याच वयाच्या. मी पुढे झालो आणि डचमध्ये विचारलं, "हेफ्त उ माट फिरेनफेर्तख?" चव्वेचाळीसचं माप आहे का? त्यांनी एक अंगडं काढून ठेवलं. पन्नासचं. मी ते कोपरापासून हातावर पसरलं. बाह्या मनगटाच्याही पुढे लोंबत होत्या.

"तं ख्रोट," मी म्हटलं. "क्लैनर?"

त्यांनी मान हलवली. मग त्रूस आणि त्या बराच वेळ बोलल्या, मालकीणबाईंनी कुठेतरी फोन लावला. शेजारच्या गावातल्या दुकानात चव्वेचाळीसची दोन होती. संध्याकाळी बंद होईपर्यंत ठेवतील. आम्ही गाडीत बसलो.

कालव्याच्या काठानं रस्ता होता. आभाळ अगदी खाली उतरलेलं. अर्ध्या वाटेवर फोन वाजला. गाडीतल्या स्पीकरवर येरूनचा आवाज घुमला. तो भरभर बोलत होता. त्रूसनी एक शब्द विचारला, त्यानं उत्तर दिलं, त्याचा आवाज मध्येच फाटला. मी जीव कानात आणून ऐकत होतो. त्यातला एकही शब्द माझ्या ओळखीचा नव्हता. स्वेटर नव्हता, निळा नव्हता, किती पैसे नव्हतं.

त्रूसनी गाडी गवतात उतरवून थांबवली. फोन संपला. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून त्या समोर बघत राहिल्या.

"त्रूस?" मी म्हटलं.

त्या बोलू लागल्या, मग त्यांच्याच लक्षात आलं की मला कळत नाहीये, आणि त्या थांबल्या. मला एकच गोष्ट विचारायची होती. तिच्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता. तो पुढच्या धड्यात होता. त्यांना नुसतं इंग्रजीत विचारलेलं कळलं असतं कदाचित, पण त्या क्षणी इंग्रजी शब्दही तोंडात येईना, मराठीसुद्धा येईना. जे आलं ते सकाळच्या काचेवरचं आलं.

"बेबी," मी म्हटलं. "बेबी... खस्लोतन?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय विचारलंय ते त्यांना लख्ख कळलं. त्यांनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की तिथे नंतर वळ उठला.

"ने! ने, ने! ओपन!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "बेबी ओपन! ओपन!"

गाडीत आम्ही दोघंही रडत होतो. मग त्यांनी नाक पुसलं आणि एकेक शब्द निवडून, मला येणाराच शब्द निवडून, सांगायला लागल्या. घर, म्हणून हातानं छप्पर दाखवलं, मग स्वतःच्या हातावर सुई टोचल्यासारखं केलं. दवाखाना. "आंदर," त्या म्हणाल्या. दुसरा. "ख्रोटर." अजून मोठा.

दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात हलवताहेत. बाळाचा श्वास मध्येच थांबत होता, हे मला येरूनकडून नंतर कळलं. पण कामापुरतं सगळं मला त्या गवताच्या कडेला कळलं होतं. कपडे राहिले. त्रूसनी गाडी वळवली.

मोठा दवाखाना नैमेखन शहरात होता. आम्ही पोचलो तेव्हा बाळ आधीच आत होतं आणि आता तिच्या तोंडात श्वासाच्या यंत्राची नळी होती. कपड्यांचं नावही कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी केतकीला रुग्णवाहिकेतून तिथे आणलं, चाकाच्या खुर्चीवर बसवून पेटीपाशी नेलं. पेटीला हात घालायला गोल खिडक्या असतात. तिनं एक बोट आत घातलं. बाळानं ते धरलं नाही. केतकी माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं सांगा म्हटलं होतं ना बाबा."



पुढचे दिवस सारखेच होते. त्रूस सकाळी गाडी घेऊन यायच्या, वाटेत मला घरून उचलायच्या. दवाखान्याच्या उपाहारगृहात गार पाव आणि चीज मिळतं. दुपारी तिकडे तेच जेवण. मी मांस खात नाही हे केतकीनं सांगितलं असणार, कारण एका दिवशी त्रूसनी थर्मासमधून वाटाण्याचं दाट सूप आणलं, झाकण उघडण्याआधी बोट हलवून सांगितलं, त्यात डुक्कर नाही. गरम काहीतरी पोटात गेलं तेव्हा कळलं की मी किती दिवस गार खात होतो. आम्ही काचेबाहेर शेजारी शेजारी बसायचो. त्या मला शब्द द्यायच्या. छातीवर हात ठेवून श्वास आत घ्यायचा, सोडायचा. "आदमन." श्वास घेणं. मग काचेकडे बोट. यंत्र घेतं, बाळ नाही. मीही मान हलवून म्हणायचो, यंत्र.

माझ्या मुलीबद्दल त्यांना काय वाटतं हेही मला तिथेच कळलं. केतकीच्या खुर्चीवर पांघरूण सारखं करताना त्या तिला ज्या आवाजात रागवायच्या, त्याला भाषांतर लागत नाही. माझी समजूत चुकीची होती. पडद्यावर अर्धा चेहरा दिसायचा कारण बाईंना फोन नीट धरता येत नाही, बस.

एका सकाळी आम्ही आत शिरलो तर त्रूस काचेपाशी थबकल्या आणि त्यांनी माझी बाही ओढली. बाळाच्या तोंडातली नळी नव्हती. नाकाशी बारीकशी नळी उरली होती. नर्सनं काहीतरी सांगितलं. त्रूस माझ्याकडे वळल्या.

"झे आदम्त झेल्फ."

ती स्वतः श्वास घेते आहे. मला भाषांतर करावं लागलं नाही.

नर्स म्हणाली, आज रात्र अशीच गेली तर उद्या कपडे घालू. पण कपडे धुतलेले हवेत. म्हणजे आजच आणायला हवेत. त्रूस केतकीजवळ थांबल्या आणि मी एकटा बस धरून शहराच्या मध्यभागी गेलो. हेही सांगतो: तिकडच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, तेच कार्ड चालतं.

दुकान मोठं होतं, झगमगीत. काऊंटरवरची बाई चाळिशीची असेल. मी डचमध्ये विचारलं, चव्वेचाळीस माप, पुढून उघडणारं. तिनं माझा उच्चार ऐकून इंग्रजीत उत्तर दिलं. तिकडे असं होतंच. मी पुन्हा डचमध्येच म्हटलं आणि दोन्ही तळहात समोर धरून लांबी दाखवली. ती हसली आणि तिनं काहीतरी विचारलं, त्यातला एक शब्द कळेना, म्हणून तिनं शेजारच्या फळीवरची बाहुली उचलून दाखवली. बाहुलीसाठी हवंय का?

माझे कान तापले. त्या बाईचा काही दोष नव्हता. तिला काय माहीत? पण दवाखान्यात ज्या जीवाच्या प्रत्येक श्वासाकडे चार माणसं डोळे लावून बसली होती, त्याला कुणी बाहुली म्हणावं हे मला सोसेना.

"ने," मी म्हटलं. "मैन क्लैनकिंड." माझी नात. डचमध्ये नातवंडाला लहान मूल म्हणतात, क्लैन किंड. "फनदाख." आज.

तिचा हात तोंडाशी गेला. मग ती आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, आता हीही नाही म्हणणार. ती आली तेव्हा तिच्या हातात पांढरं, मऊ सुती झबलं होतं, पुढून एकावर एक येणारं. कडेला तीन बारीक बटणं. बाहीच्या टोकाला हात झाकायची घडी होती, ती तिनं उलटून दाखवली. मी ते कोपरापासून हातावर ठेवलं. थोडं मोठंच होतं. पण मनगटाच्या आत राहिलं.

"भेट द्यायची आहे का?" तिनं सवयीनं विचारलं आणि लगेच स्वतःच मान हलवली. कागदात न बांधता तिनं ते तसंच माझ्या हातात दिलं.

त्रूसनी ते घरी नेऊन गरम पाण्यात धुतलं, वाळवलं, इस्त्री केलं. रात्रभर काय काय मनात आलं ते लिहीत नाही. सकाळी मी गाडीत बसलो तेव्हा झबलं त्यांच्या मांडीवर स्वच्छ रुमालात घडी करून ठेवलेलं होतं. मला म्हणाल्या, तुम्ही धरा. पूर्ण रस्ताभर मी ते पूजेचं तबक धरावं तसं धरून बसलो.

कपडा केतकीनंच घातला. नर्सनं तारा धरल्या. एक हात बाहीत, मग दुसरा. बाळ चिडलं, चेहरा लाल झाला, आणि पहिल्यांदा आम्ही तिचा आवाज ऐकला. मांजरीच्या पिल्लाएवढा. यंत्र वाजलं, सगळे थिजलो. नर्सनं आकड्याकडे पाहिलं, एक तार नीट केली, आवाज थांबला. केतकीनं शेवटचं बटण लावलं.

"तं ख्रोट," मी म्हटलं, कारण खरंच गळा सैल होत होता.

"ने," त्रूस म्हणाल्या. "हत पास्ट." बरोबर बसलंय.

मीरा, हे तिचं नाव, जानेवारीच्या अखेरीला, म्हणजे तिच्या मूळ मुदतीच्या सुमारास घरी आली. मी आणखी काही आठवडे राहिलो. नव्वद दिवसांच्या आत परतावं लागतं. त्या आठवड्यांत मी बाजार पाहिला, कालव्याकाठी फिरलो, पण त्याचं वर्णन तुम्हाला इतर कुठेही वाचायला मिळेल.

आता खडकीत परत येऊनही दोन महिने झाले. उन्हाळा सुरू झालाय. प्रवासातून काय आणलं, असं शेजारी विचारतात, तेव्हा चॉकलेटं दाखवतो. एरवी काय उरलं? तर दवाखान्यांची भीती वाढली आणि परक्या माणसांची कमी झाली.

मागच्या महिन्यात त्रूसचा फोन आला. या वेळी पूर्ण चेहरा दिसत होता. केतकी शेजारून फोन धरून होती. मीरानं अंग धरलंय, झबलं केव्हाच लहान झालं. त्रूस विचारत होत्या, ते दवाखान्याला देऊन टाकू का? तिथल्या दुसऱ्या एखाद्या बाळाला होईल. ठेवायचं असेल तर ठेवू, तुम्ही आणलंय, तुम्ही सांगा.

मी मीराकडे बघत राहिलो. ती त्रूसच्या मांडीवर पाय झाडत होती. मग म्हटलं, द्या.

आता ते कुणाच्या तरी अंगावर असेल. त्या बाळाचं नाव मला कधी कळणार नाही, आईबापाचं तोंड दिसणार नाही. पण सकाळी चहा करताना आठवण होते आणि मी मनात हिशेब करतो, की एव्हाना त्यालाही ते आखूड होत असेल.